सात नंबरची सही

समोरच्या घरात रोमानियाहून आलेलं एक रोमा कुटुंब भाड्याने राहायला आलं आणि इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समधली आमची झोपाळू गल्ली खडबडून जागी झाली. त्यांच्या बागेत प्लास्टिकचे तीन टब असायचे. उघड्यावर धुणं, सगळी घाण, असं म्हणत शेजारच्या बाईंनी घरमालकाला द्यायचा अर्ज फिरवला: यांचा भाडेकरार वाढवू नका. टीव्हीवर रोज बाहेरून येणाऱ्यांवरच चर्चा चालू होती. मीही नागपूरहून आलेली, म्हणून जरा बिचकले. पण बाई म्हणाल्या, "तुमची गोष्ट वेगळी, यू वर्क." मला ते चक्क आवडलं. मी सही ठोकली आणि पुढे घर नंबर सात लिहिला.

पुढच्याच आठवड्यात रस्त्याखालचा पाइप फुटला आणि नळ कोरडे पडले. कोपऱ्यावर बाटल्या वाटत होते, पण माझा पाय प्लास्टरमध्ये. दुपारी बेल वाजली. दारात समोरची बाई, दोन्ही हातांत बाटल्यांचे गठ्ठे. तसेच दोन गठ्ठे अर्जवाल्या बाईंच्या पायरीवरही ठेवलेले दिसले. मी गोंधळून मराठीतच बोलले, "पाणी?"

"पाणी," ती म्हणाली. तिच्या रोमानी भाषेतही तोच शब्द निघाला; रोमा लोक शतकांपूर्वी भारतातूनच तिकडे गेलेले.

माझा पाय बघून ती चहा करायला थेट स्वयंपाकघरात गेली. कप धुवायला वळली आणि थबकलीच. सिंकमधल्या भांडी धुवायच्या टबात मी पायमोजे भिजत घातले होते.

"फीट," ती टबाकडे बोट दाखवून म्हणाली. मग कपाकडे. "माउथ. नो, नो." रस्ता ओलांडून ती घरचा टब घेऊन आली. तिच्याकडे भांड्यांचा टब वेगळा, वरच्या कपड्यांचा वेगळा, कमरेखालच्या कपड्यांचा वेगळा. ज्या टबांवरून अर्ज निघाला, ते स्वच्छतेचेच होते. आणि घाणेरडी कोण, तर मी.

सोवळ्या-ओवळ्याचा मला जन्माचा राग आहे. माझ्या वडिलांना गावात पाणी वरून ओंजळीत ओतून मिळायचं. पण हिचं सोवळं पायमोज्यांशी होतं, माझ्याशी नव्हतं. माझ्याच कपातून ती माझ्यासमोर बसून चहा प्यायली. इतकी ताठ, इतकी नेटकी बाई मी या गल्लीत दुसरी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी कुबड्या घेऊन शेजारच्या बाईंकडे गेले आणि माझी सही खोडायला लावली. "आय थॉट यू वर सेन्सिबल," त्या म्हणाल्या. अर्ज घरमालकाकडे आधीच गेला होता, त्यांच्याकडे नुसती प्रत होती. म्हणून मी घरमालकालाही ईमेल केली. करार वाढेल का, कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग समोर गेले. सांगितल्याशिवाय राहवेना. "त्या अर्जावर माझीही सही होती," मी इंग्रजीत म्हणाले. "आय ॲम सॉरी."

तिने टबातला हात पुसला. "सेव्हन," ती म्हणाली. "आय नो."

घरमालकाने अर्जाचा फोटो तिच्या फोनवर पाठवला होता. पाइप फुटायच्या आदल्या दिवशी.