गावाचे दाजी

आमच्या पेडगावात एक अरब राहायचे. कोवळ्या वयात एडनच्या बाजूने जहाजातून हैदराबादला आलेले, आणि तिथून आमच्या गावच्या कापसाच्या गोदामावर पहारेकरी म्हणून. गावातल्या पिंजाऱ्याच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं आणि लहानथोर सगळेच त्यांना दाजी म्हणायला लागले. आमच्या किराणा दुकानाला लागूनच त्यांचं घर होतं. त्यांची एकुलती एक मुलगी माझी मैत्रीण.

मी सातेक वर्षांची असताना परभणीला महायुद्धासाठी फौजेची भरती निघाली. कुणावर जबरदस्ती नव्हती. दाजी आपणहून नाव देऊन आले. त्यांची बायको आमच्या ओट्यावर येऊन रडली. "आप्पा, तुमी तरी सांगा. कुणाची लढाई, अन् ह्यो कशाला मरायला जायलाय?"

माझ्या वडिलांनी, आप्पांनी, विचारलं तेव्हा दाजी म्हणाले, "गोदामापुढं बसून बसून गंजायलोय. अन् सरकारची वर्दी घातली की मंग मला कोण परका म्हणंल?"

त्यांची पलटण मलायात गेली. पुढे तो मुलूख जपानने घेतला आणि खबर बंद झाली. बायको बापाबरोबर घरोघर गाद्यांचा कापूस पिंजत फिरायची. लढाई संपल्यावर एका दुपारी दाजी परतले. पाय सुजलेले, दात पडलेले. मुलीने ओळखलंच नाही; ती पळत आमच्या घरात येऊन लपली.

जपान्यांच्या कैदेतलं ते काही सांगत नसत. फक्त एकदा आप्पांना म्हणाले, "आपल्या येलदरीकडचा एक पोरगा होता माझ्याजवळ. तापात भाकर मागत होता, ज्वारीची. म्या त्याला भाताची पेज पाजली, भाकर हाय म्हणून. त्यानं ती खाल्ली अन् गेला." बरं वाटल्यावर ते त्या मुलाच्या गावाला जाऊन आले. त्याच्या आईने सगळं ऐकून घेतलं आणि उठून दाजींपुढे ताट वाढलं. "घास उतरंना, पण खाल्ला," एवढंच त्यांनी सांगितलं.

नंतर रझाकारांचे दिवस आले. पोरांना बंदूक शिकवायला माणूस पाहिजे म्हणून त्यांचे लोक दाजींकडे आले. दाजी दारात उभे राहिले. "म्या माणसं पुरलीत माझ्या हातानं. ह्यो धंदा पोरांना शिकवणार न्हाई." त्यांनी दाजींना चावडीपुढे ओढत नेऊन मारलं. डावा हात मोडला, तो पुन्हा सरळ झाला नाही. आप्पांनी हळद लावून बांबूच्या कांबट्यांनी तो बांधला.

पोलीस अ‍ॅक्शन झाली, हिंदी फौज आली. आम्ही सुटकेचा श्वास घेतोय तोच हुकूम निघाला, बाहेरून आलेल्या अरबांना परत पाठवायचं. दाजींना परभणीला नेलं. आप्पा गावातली चार शेतकरी माणसं घेऊन मागोमाग गेले. दाजींनी रझाकारांचा मार खाल्ला, हे सगळ्यांनी सांगितलं. अधिकारी सभ्य होता, त्याने ऐकून घेतलं. पण म्हणाला, "माणूस चांगला असेल, पण तो परदेशी आहे."

आप्पांचा आवाज चढला. "साहेब, लढाईला धाडलं तवा तो कोणत्या देशाचा होता?"

हुकूम तसाच राहिला.

बायको बोचकं बांधून, मुलीला घेऊन स्टेशनवर गेली. मीही आप्पांबरोबर होते. दाजींनी बायकोला डब्यात चढू दिलं नाही. "तू हितंच राहा. तिथं तुला पाणीबी मागता येणार न्हाई. मलाच आता तिथलं कोण वळखतंय?" गाडी हलली तरी ती दांडा धरून चालत होती. आप्पांनी तिचा हात सोडवला.

त्यानंतर त्यांचा निरोप आला नाही. हजला जाऊन आलेल्यांना ती विचारायची, कुणालाच माहीत नसायचं. तिने बांगड्या मात्र उतरवल्या नाहीत.

दोन-तीन वर्षांनी मैत्रिणीचं लग्न ठरलं. काझींनी रीतीप्रमाणे विचारलं, "मुलीचा बाप हयात आहे का?" तिच्या आईने पदर तोंडाशी धरला. होय म्हणेना, नाही म्हणेना. शेवटी म्हातारा पिंजारी उठला आणि नातीजवळ बापाच्या जागी जाऊन बसला.