लांबलेला नमस्कार

देवाने माणसाला चेहराही दिला आहे, ही गोष्ट आमच्या मेहुण्यांच्या लक्षात कधी आलीच नाही. त्यांच्या लेखी माणूस घोट्यापाशी सुरू होई आणि बोटांपाशी संपे. वरचं सगळं म्हणजे बिचाऱ्या पायांवर लादलेलं ओझं. मी त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, पण रस्त्यात समोरून गेलो तर ते मला ओळखत नसत. आमच्या कलकत्त्यातल्या बागबाजारच्या घरी आले की मात्र दाराबाहेरच्या चपला उलथ्या करून बघत आणि आत न येताच सांगत, "हा कॉलेजातून आलेला दिसतोय. आणि याला म्हणावं पाय फरपटत चालू नकोस, टाच बाहेरच्या बाजूने झिजलीय." त्यांची बैठक आमच्या न्हाणीघराच्या दारासमोर. लाल फरशीवर ओल्या पावलांचे ठसे उमटत आणि ज्योतिषाने हात पाहावा तसे ते एकेक ठसा पाहत. आमच्या बाबांचं अख्खं पाऊल फरशीवर उमटलेलं पाहून ते हळहळले होते. "कमान पार बसली हो!" बाबा सरकारी नोकरीत मोठे अधिकारी, पण त्या दिवसापासून जावयासमोर ओल्या पायांनी यायचे नाहीत.

मेहुणे एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होते. हा शब्द एकोणीसशे सत्तरच्या सुमारास आमच्या नातेवाइकांच्या तोंडात मावत नसे. पुण्याच्या आत्याने पत्रात "जावई मालिश करतात असं कळलं" एवढंच लिहिलं, तर आई दोन दिवस कोणाशी बोलली नाही. खरं म्हणजे हे स्थळ आईनेच पसंत केलेलं. ताईला पाहायला आले तेव्हा तासभर त्यांची नजर जमिनीवरून हलली नव्हती. "किती मर्यादशील मुलगा!" आई म्हणाली. लग्नानंतर ताईला कळलं की मर्यादशील मुलाने तिचे नाकडोळे पाहिलेच नव्हते. फक्त पायाची कमान पाहून होकार कळवला होता. महाराष्ट्र मंडळातल्या बायकांचंही त्यांच्याविषयी असंच चांगलं मत. हळदीकुंकवाहून ताईला न्यायला आले की खाली मान घालून उभे राहत, आणि परतीच्या ट्राममध्ये तिला हिशेब देत, "दोन सपाट पावलं, तीन आत वळलेले अंगठे, आणि त्या हिरव्या पातळाच्या बाईंना सांग, पायाचं कुरूप ब्लेडने कापू नका, आधी चप्पल बदला."

दुर्गापूजा आली की यांचा जीव कासावीस होई, कारण अख्खं कलकत्ता नवे बूट घालून मंडपामंडपातून हिंडे. त्यातून तेव्हा टोकदार बुटांची फॅशन. एकदा ट्राममध्ये समोरच्या तरुणाचे असले बूट यांना बघवेनात. काही न बोलता ते वाकले आणि बोटांना आत जागा आहे का ते पाहायला बुटाचं टोक दाबलं. तो सज्जन मुलगा ताडकन उभा राहिला. "एकी कोरछेन दादा!" हे काय करताय, असं म्हणत, वडीलधाऱ्या माणसाने आपल्या पायाला हात लावल्याच्या पापातून सुटण्यासाठी तो उलट यांच्या पायांवर वाकला, आणि दोघांची डोकी आपटली. कपाळावरचं टेंगूळ घेऊन आमचे मेहुणे घरी आले ते खुशीत. "करंगळी वाचेल त्याची," म्हणाले.

अशा माणसाच्या सासूची टाच दुखावी आणि तिने ती त्याच्यापासून लपवावी! आईचं कलकत्ता म्हणजे एक सकाळचं चालणं होतं. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंबरोबर, त्यांना आम्ही मासीमा म्हणत असू, ती रोज पहाटे गंगेच्या घाटावर जाई. आई मराठीत बोलायची, मासीमा बंगालीत; दोघींचं काही अडत नसे. त्याखेरीज आईला या शहरात मैत्रीण नव्हती. आणि एका हिवाळ्यात तिचं पाऊल टेकेना. मासीमा जिन्याखालून हाक मारत, "दीदी, आजो जाबेन ना?" आजही येणार नाही का, असं विचारत, आणि आई मला खुणेने सांगे, झोपलीय म्हण. मग गॅलरीत उभी राहून ती मासीमांची पाठमोरी आकृती वळणापर्यंत बघायची. ते मला बघवत नसे.

मेहुण्यांना सांगायची गरज पडली नाही. रविवारी जेवून आई पाटावरून उठली आणि यांनी ताकाची वाटी खाली ठेवली. "पहिली चार पावलं लंगडतात, मग चाल सरळ होते. सकाळी उठल्या उठल्या सगळ्यात जास्त दुखतं. हो ना?" बाबा म्हणाले, "टाचेचं हाड वाढलंय म्हणतात." "सगळे त्या हाडालाच दोष देतात," मेहुणे कळवळून म्हणाले. "तळव्याचा पट्टा ताणलाय. आई, पाय इकडे करा, जरा दाबून बघतो."

आईने पुन्हा खाली बसून दोन्ही पाय पदराखाली घेतले. "जावयाने सासूचे पाय चेपायचे? मला कुठल्या नरकात ढकलताय? नमस्कार करता तेवढा पुरे!"

तेव्हापासून मेहुणे रोज संध्याकाळी इस्पितळातून थेट आमच्याकडे येऊ लागले, आणि रोज खुर्चीत बसलेल्या आईला वाकून नमस्कार करू लागले. एरवी सणासुदीलाच वाकणारा हा जावई. नमस्कार पहिल्या दिवशी जरासा लांबला, मग रोज थोडा थोडा वाढत गेला. डोकं खाली, एका हाताने पायाची बोटं वर उचललेली, दुसऱ्या हाताचा अंगठा टाचेखाली. आई म्हणे, "औक्षवंत व्हा." हे उठत नसत. आई पुन्हा म्हणे, "औक्षवंत व्हा हो." एका नमस्कारात सहा-सहा वेळा औक्षवंत झाल्याचं मी मोजलं आहे. मध्येच खालून सूचना येई: उद्यापासून पलंगावरून उतरण्याआधी बोटं हाताने मागे ओढा, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा, तळव्याखाली बाटली फिरवा. घरात अनवाणी चालायचं नाही यावर मात्र लढाई झाली. स्वयंपाकघरात चपला म्हणजे काय! शेवटी त्यांनी मऊ चपलांचा कोरा जोड आणून देवासमोर ठेवला आणि म्हणाले, "यांनी अजून रस्ता पाहिलेला नाही. तुमच्या सोवळ्याइतक्याच शुद्ध आहेत." आईने हसू दाबत त्या घातल्या. मासीमांनी वर येऊन तिला भिंत ढकलताना पाहिलं तेव्हा घाबरून छताकडेच बघितलं. "बाडी पोडे जाच्छे ना की?" घर पडतंय की काय, अशी त्यांना भीती.

मला वाटे, आई किती भोळी! जावयाला अचानक भक्तीचं भरतं आलं असंच समजून बसलीय. एका संध्याकाळी मेहुणे असेच वाकले होते. आईने डोळे मिटून आशीर्वाद दिला आणि त्याच सुरात म्हणाली, "औक्षवंत व्हा. अंगठा जरा आतल्या बाजूला घ्या, दुखतं ते तिथे." मेहुण्यांनी मान वर केली नाही. "घाबरून दाबत नव्हतो तिथे," एवढंच म्हणाले. नमस्कार चालू राहिले. उन्हाळा लागायच्या सुमारास एका पहाटे मासीमांनी हाक मारायच्या आधीच आई जिना उतरून खाली उभी होती.

मग नमस्कार पुन्हा सणासुदीचे आणि आखूड झाले. संध्याकाळी चारदा दाराकडे बघून आई म्हणायची, "कामं वाढली असतील त्यांची." ते येत नाहीत याचं तिला वाईट वाटायचं, पण दुखणं बरं झाल्यावर तक्रार कशाची करणार?

दोन वर्षांनी बाबा निवृत्त झाले आणि आई-बाबा पुण्याला निघाले. मी नोकरीच्या निमित्ताने आधीच पुण्याला गेलो होतो, सामान न्यायला तेवढा परत आलो. हावडा स्टेशनवर ताईचे डोळे सुजले होते, मासीमा आईचा हात धरून बंगालीत काहीतरी सांगत होत्या. शिट्टी झाली. मेहुणे डब्यात चढले आणि आईपुढे वाकले. बराच वेळ झाला तरी ते उठेनात. आईने वाकून हळूच म्हटलं, "अहो, आता दुखत नाही."

"माहीत आहे," ते खालूनच म्हणाले, आणि तसेच राहिले. गाडी हलली तेव्हा मीच त्यांना दंडाला धरून उठवलं आणि दारातून खाली उतरवलं.