हेडली बग्डनची दोनदा न्याहारी

हेडली बग्डनची पहिली न्याहारी पोटात नीट बसलीही नव्हती, तेवढ्यात यूनाने दुसरी वाटी त्याच्यापुढे आदळली. ओट्सची लापशी, वर मूठभर ब्लूबेरी, अक्रोडाचे तुकडे. शेजारी बशीत भाजलेला बांगडा.

"खा गुमान," यूना म्हणाली. "डोक्याचं खाणं आहे. बापासारखं हरवायचंय का तुला?"

आता गंमत बघा! पहिली वाटी तिनेच घासून पालथी घातली होती. हेडलीने त्या वाटीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि चमचा उचलला.

त्याचा बाप म्हातारपणी भ्रमिष्ट झाला होता. पोरांना ओळखेना, एकदा तर बर्फात नुसत्या मोज्यांवर निघून गेला. सगळं गाव कंदील घेऊन धावलं तेव्हा सापडला. म्हणून हेडलीने सत्तरी ओलांडली तशी त्याची लेक ग्लेंडा सेंट जॉन्स शहरातून फर्मान घेऊन आली. खारं बीफ बंद. माशावर ओतायची डुकराची कुरकुरीत चरबी बंद. त्याऐवजी तेलकट मासे, पालेभाजी, अक्रोड, बेरी. "खात्री कशाचीच नाही," ती म्हणाली, "पण मेंदूला बळ मिळतं, असं डॉक्टर म्हणतात."

पहिलं वाक्य यूनाने कानाआड केलं आणि दुसरं पदरात बांधलं. न्यूफाउंडलंडच्या त्या कोळीवाड्यात खायचा मासा म्हणजे कॉड. बांगडा आणि हेरिंग म्हणजे गळाला लावायचं आमिष. "आमिष खातोय रे मी," हेडली दुकानात सांगायचा. "उद्या मलाच गळाला लावा!" लोक हसायचे. तोही हसायचा, कारण तेव्हा सगळं खरंच गमतीचं होतं.

यूना स्वतः मात्र त्यातलं काही तोंडात घालायची नाही. चांगलं ते नवऱ्याला, तिला चहा आणि पाव.

"अगं, तूही दोन अक्रोड खा की."

"मला काय धाड भरलीये?"

धाड कुणाला भरलीये हे हेडलीला एका रविवारी कळलं. खारवलेला कॉड शनिवारी रात्रभर पाण्यात घालायचा, रविवारी सकाळी उकडून बटाट्याबरोबर वाढायचा, ही त्यांच्याकडची रीत. यूना परकरात असल्यापासून मासे चिरत, खारवत आली होती. तिला ही रीत सांगायची म्हणजे गाईला गवत दाखवायचं. त्या रविवारी तिने कॉड मिठातून काढला तो थेट पातेल्यात टाकला. पहिला घास घेतला आणि हेडलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कसा झालाय?" तिने कौतुकाने विचारलं.

"झकास," तो म्हणाला आणि ताट पुसून खाल्लं. दिवसभर पाणी पीत राहिला.

ग्लेंडाने आधीच बजावलं होतं, की दोघांतलं ज्याचं डोकं आधी जाईल त्याला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. नोकरी सोडून ती इकडे राहू शकत नव्हती. तिचंही चूक नव्हतं. पण हेडलीचा बाप तिथेच गेला होता. कुलूपबंद दाराची कडी चाचपत उभा असलेला बाप हेडलीने पाहिला होता. त्या दाराशी यूना? नाही. मेलो तरी नाही.

तेव्हापासून तो घरात अडकला. शेगडी बंद केली का ते बघायचं. दुसरी न्याहारी निमूट गिळायची. ती हाक मारेल म्हणून धक्क्यावरही जायचं नाही. उन्हाळ्यात मोजके दिवस घरापुरता कॉड पकडायची सरकारकडून मोकळीक मिळते, त्या दिवसांत सारं गाव पहाटे समुद्रावर, आणि ह्याची होडी बांधलेली. जन्मभर दर्यावर हिंडलेला माणूस चार भिंतींत येरझारा घालत होता. कधी त्याला तिचा संताप यायचा, इतका की वाटी भिंतीवर फेकावी. मग तीच आपुलकीने विचारायची, "पोट भरलं का रे?" आणि त्याला स्वतःची शरम वाटायची.

त्या उन्हाळ्यात ग्लेंडा रजा काढून आली. सकाळी तिघं टेबलाशी बसली, न्याहारी झाली. ग्लेंडा बापाला म्हणत होती, "चल बाबा, आज दोघं होडी काढू." त्याचा चेहरा असा फुलला म्हणता! आणि यूना उठली, शेगडीपाशी गेली आणि लापशीची भरलेली वाटी आणून त्याच्यापुढे ठेवली.

"आई?" ग्लेंडा म्हणाली. "आत्ताच तर खाल्लं बाबाने."

यूना थबकली. तिने वाटीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. तिच्या ओठांचा रंग उडाला. आपल्याला काय होतंय ते तिला त्या क्षणी कळू लागलं होतं, आणि ते हेडलीला बघवेना.

"मीच मागितली," तो म्हणाला. "का, खाल्लं होय मी? मला नाही बुवा आठवत."

ग्लेंडाचे डोळे भरले. "किती दिवस चाललंय हे?"

यूनाचा जीव भांड्यात पडला. "मी सांगत नव्हते?" ती तावातावाने म्हणाली. "अक्रोड बाजूला काढतो मेला! मग डोकं कसं चालणार?"

"आई खंबीर आहे म्हणून निभावतंय, नाहीतर आताच तुला आश्रमात न्यावं लागलं असतं," ग्लेंडा म्हणाली. तिने खुंटीवरच्या होडीच्या आणि गाडीच्या किल्ल्या उचलून पिशवीत टाकल्या. "बाबा, आता पाण्यावर जायचं नाही. आईच्या नजरेआड व्हायचं नाही. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," हेडली म्हणाला. खिडकीतून धक्का दिसत होता. त्याने तिकडे पाहिलं नाही.

दोन दिवसांनी ग्लेंडाची गाडी टेकडीआड गेली. यूना बाकावर त्याच्या शेजारी येऊन बसली आणि तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"घाबरू नकोस हं म्हाताऱ्या," ती म्हणाली. "तुला मी कुठेही पाठवणार नाही. तू विसरशील ते सगळं मी लक्षात ठेवीन."

"ठेव गं," हेडली म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना.