उपरण्याखालचे हात

काष्टीच्या गुरांच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. विकणाऱ्याचा हात आणि दलालाचा हात एका उपरण्याखाली जातात. आत बोटं धरली जातात, दाबली जातात, झटकली जातात, आणि वर दोघांचे चेहरे असे कोरे, की जणू कुणाच्या दहाव्याला बसलेत. भोवती कितीही गर्दी असो, आत काय चाललंय ते कुणाच्या बापाला कळत नाही. बोटांची ही भाषा दलालांची. बाहेरच्याला ते ती शिकवत नाहीत. गोरक्ष दलालानं मात्र आपल्या एकुलत्या एका लेकीला, सृष्टीला, ती शिकवली होती. तीही निव्वळ गंमत म्हणून.

संध्याकाळी ओट्यावर बसायचं, मांडीवर उपरणं टाकायचं आणि नसलेल्या गाईचा सौदा करायचा. सृष्टी सातवी-आठवीत असल्यापासून बापाला जेरीस आणायची. बोट धरलं की सोडायचीच नाही. आत चुलीपाशी बसलेली आई, सविता, ओरडायची, "पोरीला कनिक मळायला शिकवा, बैल घ्यायला नगं!" गोरक्ष हसायचा. पण हे सगळं ओट्यावर. बाजारात उपरण्याखाली बाईचा हात आजवर कधी गेला नव्हता, आणि तसा तो जावा असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

आता सृष्टी बारावी झाली. आणि झाली ती गप बसायला नाही. पुण्याच्या डिझाइन कॉलेजची परीक्षा तिनं देऊन टाकली आणि नंबरही लागला. कोर्स चार वर्षांचा. गोरक्षला हे कळलं तेव्हा त्यानं घटकाभर डोकं खाजवलं.

"डिझाइन म्हंजी नेमकं काय करनार तू?"

"अण्णा, वस्तू कशी असावी, ती माणसाच्या हाताला कशी लागावी, ते ठरवायचं."

"बैल बगून घ्यावा, न बगता न्हाई," गोरक्ष म्हणाला. "नगरला सुट्टीचा महिन्याचा वर्ग हाय म्हनतीस न्हवं, चित्राचा आन् डिझाइनचा? त्यो कर. शेवटाला परदर्शन असतंय, तवा मी येतो. पटलं तर पुन्याचं बोलू. न्हाई पटलं तर श्रीगोंद्याला बी.ए. आन् मागनं रडायचं न्हाई."

"रडतंय कोण?" सृष्टी म्हणाली.

भिंगारला तिची लंका मावशी राहायची. मावशीचे यजमान लष्कराच्या डेपोत कारकून. त्यांच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत सृष्टीनं पथारी टाकली आणि रोज सकाळी रिक्षानं नगरात जाऊ लागली.

वर्गात बहुतेक पोरं शहरातली. कुणाकडे चित्रं काढायचा टॅब, कुणाकडे डबाभर परदेशी रंग. पहिल्याच दिवशी पार्थ नावाच्या एका पोरानं विचारलं, "काष्टी? म्हणजे एक्झॅक्टली कुठे?"

"तुझ्या घरी दूध येतं ना? ते जिथनं येतं तिथं," सृष्टी म्हणाली.

सगळे हसले, पार्थही हसला, आणि त्या दिवसापासून तो तिच्या शेजारी बसू लागला. लाजणं-बुजणं तिला माहीतच नव्हतं. उधळलेल्या खोंडापुढून बाजूला व्हायचं कसं हे जिला कळतं, ती पुण्याहून आलेल्या मोनिका मॅडमना काय घाबरणार! कोळशानं रेघ ओढायला ती शिकली, शाडूची माती तिंबायला शिकली. वस्तूकडं न बघता नुसती ती चाचपून चित्र काढायचा एक तास असायचा. त्या तासाला तर तिची बोटं अशी चालायची, की मॅडम तिच्या पाठीमागं येऊन उभ्याच राहायच्या.

शेवटच्या कामाचा विषय मॅडमनी दिला: 'माझ्या घरात आहे आणि तुम्हाला माहीत नाही.' सृष्टीला विचार करावाच लागला नाही. तिनं मोठमोठ्या कागदांवर हात काढले. एकमेकांत अडकलेले, रापलेले, नखं तुटलेले हात. आणि प्रत्येक जोडीखाली सुबक अक्षरात लिहिलं, हे बोट असं धरलं म्हणजे हा भाव, तसं दाबलं म्हणजे तो. बाजाराची सगळी बाराखडी भिंतीवर! मॅडम तर हरखूनच गेल्या. प्रदर्शनाच्या पत्रिकेवर त्यांनी त्यातलंच एक चित्र, खालची अक्षरं वगळून, छापायला दिलं. सृष्टीला आभाळ ठेंगणं झालं. तिनं सगळ्या चित्रांचे फोटो काढले आणि मोठ्या आनंदानं बापाला पाठवले.

निळ्या खुणा उमटल्या. संध्याकाळी फोन आला.

"कुनाला इचारून काडलीस ही चित्रं?"

असा आवाज तिनं बापाचा कधी ऐकला नव्हता. गोरक्ष चिडला की ओरडायचा. आज तो ओरडत नव्हता.

"अण्णा, माझं काम आहे ते."

"काम तुजं आसंल. बोली तुजी न्हाई. माजी बी एकट्याची न्हाई. आबासाहेबांनी मला शिकवली, त्यांना त्यांच्या चुलत्यानं. उद्या कुनीबी मोबाईलवर फोटू काडून बाजारात फिरवंल. शेतकरी आमच्या हातात हात देतो त्यो कशाच्या भरवशावर? आन् फोडली कुनी? तर गोरक्षच्या पोरीनं! त्ये काडून टाक. न्हाईतर सकाळच्या यष्टीनं घरी ये. पुन्याचं नावबी काडू नगं."

फोन बंद झाला. सृष्टी आधी संतापली. मग मावशीच्या मोरीत जाऊन, नळ सोडून, भडाभडा रडली. तिला बापाचा राग आला होता. आणि बाप खरं बोलतोय याचा त्याहून जास्त राग आला होता. तिला ती बोली खेळात मिळाली होती. खेळ म्हणूनच तिनं ती वाटून टाकली होती. ती बापाची रोजची भाकर आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. एवढं शिकून-सवरून हे कसं सुचलं नाही, म्हणून तिनं स्वतःला चार शिव्या हासडल्या.

लंका मावशीनं दारावर थाप मारली. "अगं, टाकी रिकामी हुईल! काय ते ठरीव आन् बाहेर ये."

सृष्टी तोंड धुऊन बाहेर आली. यष्टीनं घरी जायचं नाही, एवढं तिचं ठरलं होतं.

सकाळी तिनं एकेक करून सगळे कागद उतरवले. मोनिका मॅडम धावत आल्या. "सृष्टी, वेडी आहेस का? पत्रिका छापून झाली आहे. परवा प्रदर्शन आहे. आणि ही तर नुसती माहिती आहे, त्यात गुपित कसलं?"

"मॅडम, माहिती माझी नव्हती," सृष्टी म्हणाली. "मी चुकले. पण जागा माझी तशीच ठेवा. भिंत नको, टेबल द्या."

"दोन दिवसांत काय करणार तू?"

"होईल."

मॅडमनी कपाळाला हात लावला, पण टेबल दिलं. सृष्टीनं शाडूची माती पुढ्यात ओढली आणि डोळे मिटून बसली. भाव सोडून दे, तिनं स्वतःला बजावलं. भाव वजा केला तर उपरण्याखाली काय राहतं? आणि तिला एकदम आठवायला लागले ते हात. लहानपणी बापाशेजारी चहाची किटली धरून बसली असताना सौदा संपल्यावर तिच्या डोक्यावरून फिरलेले, तिला गुडदाणी देणारे, तिच्या दंडाला धरून बाजूला सारणारे. अडून बसलेला हात वेगळा. गोडीगुलाबीनं गुंडाळणारा वेगळा. घरची गाय विकायला आलेल्या माणसाचा तर अगदीच वेगळा. तो धरतो आणि मध्येच विसरतो, आपण कशासाठी धरलंय ते.

तिनं हे हात घडवायला घेतले. पार्थ माती तिंबून देत होता. एक-दोनदा त्यानं "हा कुणाचा?" विचारून पाहिलं, आणि तिचा चेहरा बघून पुन्हा विचारलं नाही. लंका मावशीनं यजमानांची सगळी जुनी उपरणी काढून दिली. प्रत्येक हातावर एक उपरणं. कुणी ते उचलायचं नाही. खाली हात घालायचा, तो मातीचा हात आपल्या हातात घ्यायचा, आणि समोरचा माणूस कसा असेल ते आपलं आपण ओळखायचं. खाली एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी गोरक्ष आला. पांढरे कपडे, खांद्यावर उपरणं. आणि एकटा आला नव्हता, सोबत आपल्या म्हाताऱ्या गुरूंना, आबासाहेबांना, घेऊन आला होता. गुन्हा झाला असेल तर बोलीच्या मालकासमोरच निवाडा व्हावा, असा त्याचा सरळ हिशोब. दोघांनी आधी भिंती बघितल्या. कुठंच काही नव्हतं. मग टेबलापाशी आले. गोरक्ष हात पाठीमागं बांधून उभा राहिला.

आबासाहेबांनी मात्र हात घातला पहिल्या उपरण्याखाली. चाचपला. त्यांच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्याखाली घातला, आणि एकदम खो-खो हसत सुटले.

"आरं गोरक्षा, ह्यो तर माजा हात हाय! आंगठा बग कसा वाकडा! आन् आसाच दाबून धरतो मी, बेनं सोडीत न्हाई!" मग पुढच्या उपरण्याखाली त्यांचा हात बराच वेळ राहिला. हसू मावळलं. "ह्यो गाय इकायला आलेला," ते हळूच म्हणाले. "ह्याच्या दावनीला दुसरी न्हाई." आणि वळून गोरक्षला म्हणाले, "पोरीनं कायबी फोडल्यालं न्हाई. उलट आपल्यालाच दावलं. घाल हात."

गोरक्षनं हात घातला. सृष्टीचा जीव नुसता टांगणीला लागला होता. बापाचा चेहरा कोरा. बाजारात असतो तसाच. वाचता येईल तर शपथ! तो एकेका उपरण्यापाशी थांबत शेवटपर्यंत गेला आणि परत तिच्यासमोर आला.

"मी चुकले होते, अण्णा," सृष्टी म्हणाली. "चुकीचं काढून टाकलं. पण पुण्याला मला जायचंय. ते काही मी काढून टाकणार नाही."

गोरक्षनं खांद्यावरचं उपरणं काढलं. आपल्या उजव्या हातावर टाकलं. आणि हात लेकीपुढं केला.

आबासाहेब बघतच राहिले. आजूबाजूला माणसं गोळा झाली होती, मोनिका मॅडम होत्या, पार्थ होता, पोरांचे आईबाप होते. सृष्टीनं उपरण्याखाली हात घातला.

बापानं तिची दोन बोटं धरली. तिला लगेच कळलं. दोन वर्षं शीक, मग लग्नाचं बघू. तिनं बोटं झटकली आणि बापाची चारही बोटं मुठीत घेतली. त्यानं सोडवून घेतली, तीन धरली. तिनं पुन्हा झटकली. पुन्हा चार. तो हात ओढू लागला, तिनं ओढू दिला नाही. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, तरी चेहरा तिनं कोरा ठेवला, अगदी त्याच्यासारखा. कितीतरी वेळ दोघं तसेच उभे होते. मग तिच्या मुठीतला बापाचा हात सैल पडला, आणि उलटून त्यानंच तिची चारही बोटं घट्ट धरली.

गोरक्षनं उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चार वर्सं! माजी पोरगी पुन्याला चार वर्सं शिकनार हाय!"

"आरं येड्या," आबासाहेब दचकून म्हणाले, "सौदा आसा वरडून सांगत्यात व्हय?"

"ऐकू द्या की, आबा," गोरक्ष म्हणाला. "समद्यांना ऐकू द्या."