सव्वा मूठ गहू

आमच्या घरचा कानबाईचा नारळ वणव्यात जळाला, तेव्हा मी देवीला मनातल्या मनात नव्हे, चांगली तोंडाने बोलले. जिला स्वतःला वाचवता आलं नाही ती आम्हाला काय वाचवणार, असं मी माझ्या सासूबाईंच्या समोर म्हणाले. त्यांना सगळा गाव अक्का म्हणायचा, मीही अक्काच म्हणायचे. आगीनंतर आम्ही शाळेच्या व्हरांड्यात आसरा घेतला होता, तिथे अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. आज हे लिहिताना लाज वाटते. पण अनुभव सांगायचा तर खरा सांगावा, म्हणून आधी हेच लिहून टाकते.

साल नव्वदच्या आसपासचं. आमचं गाव चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या अगदी पायाशी. मी धुळ्याची, वडील तिथे एका कचेरीत कारकून. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, दोन मुली होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या गावात माझा जीव कधी रमला नव्हता. खानदेशात श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते. नारळालाच देवी मानायचं, तिला नथ घालायची, साडी नेसवायची, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेऊन परत घरी आणायची. आमच्याकडचा नारळ अक्कांच्या सासूच्या काळापासूनचा. वर्षभर तो कोनाड्यात पितळी डब्यात असायचा. अक्कांचा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव होता.

वैशाखात डोंगर पेटला, त्याचं आम्हाला फारसं काही वाटलं नाही. दर उन्हाळ्यात कुठेतरी धूर दिसतोच. दोन दिवस वणवा वरच्या वर धुमसत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला आणि आग उतारावरच्या वाळक्या गवतातून सरळ खाली आली. आधी कडब्याच्या गंजी पेटल्या, मग गोठे, मग घरं. पुरुषांनी गुरांची दावी कापली. आम्ही बायकांनी पोरं उचलली आणि नदीच्या कोरड्या पात्रात धावलो. माणूस एकही गेलं नाही, हे मोठंच नशीब. पण अर्ध्याहून जास्त गाव गेलं. आमच्या घराचे सागाचे सरे, म्हणजे छपराच्या तुळया, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत धुमसत होते. ते खचले आणि वरचं मातीचं धाबं जमीनदोस्त झालं. अक्का डब्यासाठी परत घराकडे निघाल्या होत्या, यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना कमरेला धरून ओढून आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावरच्या पाड्यातून चार-पाच पावरा आदिवासी माणसं उतरून आली. पुढे जामसिंग आबा होते, पाड्यातले सगळ्यांत वडीलधारे. त्यांच्या डोक्यावर ज्वारीची टोपली होती. मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात हे सगळ्यांना माहीत, आणि आग पाड्यातल्यांनीच लावली असं रात्रीपासून गावात जो तो म्हणत होता. माझं तोंड तर जन्माचं तिखट. मी सगळ्यांदेखत त्यांना म्हणाले, "पेटवलंत तुम्हीच, आणि आता काय काय जळालं ते मोजायला आलात का?" आबांनी टोपली खाली ठेवली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि माणसं घेऊन परत चढून गेले. त्या ज्वारीच्या भाकरी अक्कांनी शाळेतल्या सगळ्या पोरांना थापून घातल्या. मी त्यातला घास घेतला नाही. आग नक्की कुणामुळे लागली ते पुढेही कधी कळलं नाही. पण त्याच दिवसांत खाली आमच्याच शिवारात तिघांनी बांध पेटवले होते, ही गोष्ट हळूहळू बाहेर आली आणि गाव एकदम गप्प झालं. मीही गप्प झाले. माफी मागायला वर जावं एवढं मात्र मला सुचलं नाही.

मदत आली, नाही कसं म्हणू. चोपड्याहून धान्य आलं, धुळ्याच्या कॉलेजची मुलं भांडी आणि कपडे घेऊन आली. फैजपूरकडच्या बागायतदारांनी ट्रक भरून केळी पाठवली. पहिल्या दिवशी पोरांनी उड्या मारल्या, चौथ्या दिवशी केळं दिसलं की ती पळून जायला लागली. तालुक्याची माणसं पंचनामे करून गेली. पत्रे मंजूर झाले होते, पण ते यायला अजून अवकाश होता आणि पाऊस काही पत्र्यांसाठी थांबणार नव्हता. पूर्वी असं झालं तर गवताने शाकारून एक पावसाळा काढला असता. पण आमच्या बाजूचं सगळं गवत जळून काळं झालेलं, शाकारायचं कशाने? शाळा तर उघडायची होती. तीस कुटुंबं व्हरांड्यात किती दिवस राहणार?

अक्कांना घरापेक्षा वेगळीच काळजी होती. श्रावणात कानबाई स्वतःच्या घरातच बसली पाहिजे. एका वर्षी खंड पडला की त्या घरातून देवी उठली, असं त्या मानायच्या. नारळ नवा आणता येतो, त्याची रीत आहे, पण घर कुठून आणायचं? त्या दिवसभर हेच घोकायच्या आणि माझं डोकं फिरायचं. मी यांना स्पष्ट सांगितलं की मी मुलींना घेऊन धुळ्याला जाते, तिथल्या शाळेत नावं घालते, तुम्हीही आईला घेऊन या, इथे आता काही उरलेलं नाही. हे हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. म्हणजे आमचं घर त्या गावात राहतं की उठतं, ते माझ्या एका बसवर येऊन ठेपलं होतं.

ज्या दिवशी निघायचं, त्या सकाळी मी नदीच्या कोरड्या पात्रात खणलेल्या झिऱ्यावर पाणी भरायला गेले होते. तिथे कुणी नव्हतं. मी देवीला म्हणाले, बाई, तुला मला थांबवायचं असेल तर दुपारच्या बसच्या आत थांबव, नंतर मला दोष देऊ नकोस. ही प्रार्थना नव्हती, सरळ भांडणच होतं. मग मी मुलींची वेणीफणी केली, धर्मादाय मिळालेल्या ट्रंकेत कपडे भरले आणि फाट्यावर जाऊन बसले. अक्का पाय ओढत मागून आल्या. मला वाटलं आता रडतील, अडवतील. त्या एवढंच म्हणाल्या, "जाशी तं जाय. पन तुनं घर आठेच शे." जातेस तर जा, पण तुझं घर इथेच आहे.

बस आली नाही. आमच्याकडची बस रोजच उशिरा यायची, त्यात देवीचं काही नव्हतं, एवढं मलाही कळतं. तासभर गेला. धाकटी माझा पदर ओढून म्हणाली, आई, डोंगरावर बघ. मी बघितलं तर काळ्या पडलेल्या उतारावरून पिवळ्या गवताची एक रांग खाली येत होती. माणसं दिसतच नव्हती. डोक्यावरच्या भाऱ्यांखाली नुसते पाय दिसत होते. भाऱ्यांच्या मागे खांद्यावर बांबू घेतलेले पुरुष, त्यांच्या मागे पुन्हा भारे. रांगेचं टोक अजून कड्यापाशी होतं. मी उभी राहिले. मागे बस येऊन थांबली, कंडक्टरने दोनदा विचारलं, मी मानेने नाही म्हटलं. ती निघून गेली हे मला तिच्या धुळीवरून कळलं.

पाड्यातली रीत अशी की एका घराचं काम निघालं की प्रत्येक घरातून माणूस जायचं. मजुरी नाही, फक्त ज्याचं काम त्याने त्या दिवशी जेवू घालायचं. आमच्याकडे जेवू घालायला काय होतं? त्यांनी आपापल्या भाकऱ्या फडक्यात बांधून आणल्या होत्या. जामसिंग आबा भारा उतरवून पाणी प्यायले. मी त्यांच्यासमोर गेले आणि त्या दिवशी मी चुकले असं म्हणायला लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि त्यांच्या मोडक्या अहिराणीत म्हणाले, "बोलाले बठ्ठा पावसाळा पडेल शे. आते छप्पर करूत." बोलायला सगळा पावसाळा पडला आहे, असं म्हणून ते बांबू चिरायला बसले.

पाच दिवस गावात असा गजबजाट होता की लग्नातही पाहिला नाही. पुरुष मेढी रोवत होते, भिंतींसाठी बांबूचे कूड विणत होते. आम्ही बायका माती तुडवून कूड लिंपत होतो. पाड्यातल्या बायका पेंढ्या वर फेकायच्या आणि वरचे लोक त्या शाकारत जायचे. माझ्या हातून कूड धड लिंपला जाईना, तेव्हा त्यांतली एक मला हाताला धरून बाजूला करून हसत हसत स्वतः लिंपायला लागली. धुळ्याची बाई म्हणून गावाने मला अकरा वर्षं चिडवलं होतं, त्यात आता पाड्याचीही भर पडली. मला राग आला नाही, उलट कितीतरी दिवसांनी मी पोट धरून हसले. पाचव्या दिवशी शेवटच्या घरावर गवत चढलं आणि सगळं गाव वर बघत उभं राहिलं. यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तर सरळ रडले. आठवडाभराने मृगाचा पाऊस आला, आणि आमच्या घरात एक थेंबसुद्धा गळला नाही.

पुढचे दोन महिने आम्ही जगलो ते हिमतीवर. मिळालेल्या बियाण्याची पेरणी झाली, शाळा सुरू झाली, उरलेल्या बैलांची जोडी सगळ्या गावाने आळीपाळीने वापरली. श्रावण लागला तसं माझ्या वडिलांनी भावाबरोबर बसच्या टपावरून अर्धं पोतं गहू पाठवले. आमची कानबाई आमच्याच घरात बसणार हे आता पक्कं झालं होतं. पाड्यातल्या लोकांना जेवायला बोलवायचं ठरलं तेव्हा मी म्हणाले, मी जाते. वर जाईपर्यंत माफीचे शब्द मी नीट जुळवले होते. पण पाड्यात पाय ठेवला आणि सगळे विसरले. तिथल्या घरांवर नवं गवत नव्हतं. जुन्या, कुजक्या छपरांवर पळसाची पानं अंथरून वर दगड ठेवले होते. आतल्या चुलीजवळ गळतीखाली मडकी लावलेली. आमच्या डोक्यावर चढलं होतं ते त्यांनी स्वतःच्या घरांसाठी कापून ठेवलेलं गवत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी जामसिंग आबांच्या दारातच खाली बसले आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. आबा गडबडून गेले. गवत दरसाल उगवतं, असं काहीसं म्हणाले आणि मला पाणी दिलं.

शनिवारी रोटांचे गहू काढायचे होते. कानबाईच्या रोटांची रीत फार कडक. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते दळून जाड पोळ्यांसारखे रोट करायचे, आणि ते फक्त भाऊबंदांनीच खायचे. परक्याला तुकडाही द्यायचा नाही. माझा सख्खा भाऊ एकदा ऐन सणाला आला होता, तर अक्कांनी त्याला पुरण वाढलं, खीर वाढली, रोट दिला नाही. त्या दिवशी त्या सूप घेऊन बसल्या आणि एकेक नाव घेऊन मुठी टाकायला लागल्या. मुलगे, पुतणे, नातू. सगळी भावकी झाली. मी सूप उचलायला हात लावला, तर त्यांनी माझा हात धरला.

"आते पाडाना."

मला आधी कळलंच नाही. मग मी म्हणाले, पाड्यातल्यांचे गहू? अक्का, रोट भावकीतच खातात ना?

"भावकीच शे ती," अक्का म्हणाल्या. "आपला डोकावर छप्पर कोनी टाकं?"

मी नावं सांगायला लागले. जामसिंग आबांपासून सुरुवात केली. पाच दिवसांत सगळ्यांची नावं मला पाठ झाली होती. अक्का प्रत्येक नावाला एक मूठ आणि वर पाव मूठ टाकत होत्या. पुरुष संपले तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणाले, भारे तर बायकांनीच जास्त आणले होते. अक्कांची मूठ हवेतच थांबली. रोटाच्या गव्हात बाईचं नाव कधी घेतलं गेलं नव्हतं, त्यांच्या सासूचं नाही आणि त्यांचंही नाही. त्यांनी एकदा देवीच्या रिकाम्या चौरंगाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "त्यासनं भी नाव ले." मी घेतलं. सूप काठोकाठ भरलं. मग अक्कांनी माझ्या दोन्ही मुलींची नावं स्वतःच घेतली, आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आते तुनी मूठ."

रविवारी आमच्या अंगणात एवढी पंगत बसली की पत्रावळी कमी पडल्या. रोट, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर. अक्कांनी पहिला रोट आबांच्या पानात वाढला. सोमवारी सकाळी कानबाई नदीवर निघाली, तेव्हा आमच्या ढोलाबरोबर पाड्याचा ढोलही वाजत होता आणि देवी माझ्या डोक्यावर होती. नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती. देवीला जे काही बोलले होते ते मी तिच्या कानाशी कबूल केलं. मला शरण जाणं जमलं असं मी म्हणणार नाही, माझा तो स्वभावच नाही. पण आपल्या हिशेबाने देव येत नाही म्हणून तो येतच नाही असं समजू नये, एवढं मी शिकले. त्याला यायचं असतं तेव्हा तो येतो, आणि कधी कधी आपण ज्याला दारातून हाकललेलं असतं त्याच्याच पायांनी येतो. आपण फक्त वाट अडवू नये.

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. रोटाचे गहू मी काढते. पाड्यातली नावं वाढली आहेत, माझे जावई आणि नाती आल्या आहेत, एका सुपाची दोन सुपं झाली आहेत. देवीची कृपा म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. पण माझं नाव आलं की ती मूठ मी अजूनही जरा जास्तच भरून घेते.