पिंपळगावचा कडबा

गाय आडवी पडली होती आणि मान वळवून स्वतःच्याच कुशीवर ठेवून होती. हे दिसलं की जनावरांच्या डॉक्टरला फारसं तपासावं लागत नाही. कान हाताला गार लागले, नाक कोरडं होतं. मी गळ्याच्या शिरेत सुई घातली आणि कॅल्शियमची बाटली उंच धरायला मालकिणीला सांगितलं. हे औषध शिरेतून फार सावकाश सोडावं लागतं. घाई केली तर हृदय बंद पडतं. म्हणून एक हात नळीवर आणि कान गाईच्या छातीला लावून मी बसलो होतो.

"साब, गाभण हाय ती," मालकीण म्हणाली. तिचं नाव गयाबाई.

"माहीत आहे," मी म्हणालो.

बाटली संपल्यावर गाय थरथरली, दोनदा धडपडली आणि उभी राहिली. भोवतीच्या लोकांना तो चमत्कार वाटला. मला आनंद झाला नाही. त्याच आठवड्यात मी अशी बरीच जनावरं उठवली होती आणि त्यातली काही पुन्हा बसली होती.

ही छावणी आष्टी तालुक्यात, कडा गावाच्या पलीकडे, एका दूध सोसायटीच्या माळावर होती. पावसानं लागोपाठ दगा दिला होता. चारा छावणी म्हणजे जनावरांसाठीचं तात्पुरतं गाव. माणसं घराला कुलूप घालून गुरं घेऊन तिथं येतात, पाचटाचं खोपटं घालतात, आणि चारा-पाणी सोसायटी पुरवते. मी सरकारी पशुवैद्यक, छावणीवर ड्यूटी लागलेला. बीड शहरातला. वडिलांचा फळांचा गाडा होता. लोक मला शेख डॉक्टर म्हणत, गयाबाई नुसतंच साब म्हणे.

गयाबाईचा मुलगा, सून आणि नातवंडं ऊसतोडीला गेली होती, कोल्हापूरच्या बाजूला. घरी ही आणि गाय. विहीर आटली तशी ती गाईला घेऊन चालत छावणीत आली. दिवसभर ती कामात असे. पण दिवस कलला की छावणीतली सगळी गुरं आपापल्या गावाकडं तोंड करून हंबरायला लागत, दाव्याला हिसके देत. गोठ्यात परतायची वेळ त्यांच्या अंगात भिनलेली असते. गयाबाई तेव्हा गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी राही, आणि तिचंही तोंड रस्त्याकडं असे.

आता मूळ अडचण सांगतो. छावणीत यायचं ते फक्त उसाचं वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला. दिसायला छान, गुरं आवडीनं खातात. पण त्यात एक क्षार असतो, तो शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतो. थोडे दिवस चालतं. महिनोन्महिने दुसरं काहीच नसेल तर गाभण आणि दुभती जनावरं आतून पोकळ होतात. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायची, खनिज मिश्रण द्यायचं, हे मी करत होतोच. खरा उपाय एकच होता. पोटात सुकी वैरण जायला हवी, म्हणजे ज्वारीचा कडबा.

सोसायटीचे चेअरमन आण्णा भला माणूस, पण वैतागलेला. त्यांना मी रोज तेच सांगे आणि ते रोज तेच विचारत, की कडबा आणायचा कुठून. जिल्ह्यात ज्वारी पिकलीच नव्हती. ज्यांच्याकडं जुन्या कडब्याची गंजी होती, ते झाकून बसले होते. दुष्काळ किती लांबेल कुणाला ठाऊक? त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नव्हता.

संक्रांतीनंतर एक टेम्पो आला. अकोल्याकडच्या पिंपळगावच्या बौद्ध विहारातली माणसं होती. निम्म्याहून जास्त बाया, पांढऱ्या साड्यांतल्या. त्यांनी ज्वारीचं पीठ, डाळ आणि जुने कपडे आणले होते. त्यांच्या पुढारी सुशीलाबाई, पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या. आमच्या दुष्काळाची बातमी विहारात कुणीतरी वाचून दाखवली म्हणून त्या निघाल्या होत्या.

गयाबाईनं त्यांना विचारलं, "कामून आलात बाई येवढ्या लांबून?"

सुशीलाबाईंना 'कामून' कळेना. मी सांगितलं, म्हणजे का. त्या हसल्या. "आमच्याकडं 'कायले' म्हनतात. कायले येऊ नाही? भूक लागली का कुत्रं बी शेजारच्या घरी जाते. तुमी नाही आले, त आमी शेजारी आलो."

मग त्यांनी विचारलं, तुला काय पाहिजे. गयाबाई म्हणाली, साडी परत घ्या, पीठ दुसऱ्या कुणाला द्या, माझ्या गाईला कडबा मिळतो का बघा. सुशीलाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी वाढ्याची आणि कॅल्शियमची सगळी हकीकत सांगितली. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडं औंदा ज्वारी झाली हाय. बघतो."

टेम्पो गेला. चेअरमन मला म्हणाले, "डॉक्टर, वाट बघू नका. मदत येकदाच येती. परत फिरून कुणी येत न्हाई."

मीही वाट बघायची नाही असं ठरवलं होतं. तरी रस्त्यावर मोठ्या गाडीचा आवाज आला की मान वळायची. गयाबाईनं तर उघडच वाट बघायला सुरुवात केली. कामाला गेलेल्या मुलाची वाट आणि कडब्याची वाट, दोन्ही एकाच रस्त्यावर. त्या दिवसांत दोन म्हशी गेल्या. गयाबाईची गाय पुन्हा बसली. मी पुन्हा बाटली लावली. या खेपेला ती उठली, पण पाय लटपटत होते. वेत जवळ आलं होतं. विण्याच्या वेळी अंगात कॅल्शियम नसेल तर कळा येत नाहीत, गाय आणि वासरू दोन्ही जातात. मी हे गयाबाईला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. ती गाईच्या अंगावर स्वतःचं घोंगडं टाकून बसून राहिली.

आशा सोडल्यावर ट्रक आला. वरपर्यंत कडबा. एका गंजीतला नव्हता तो. काही पेंढ्या लांब, काही आखूड, काही सुतळीनं बांधलेल्या, काही लुगड्याच्या पट्टीनं. सुशीलाबाई ड्रायव्हरशेजारून उतरल्या आणि उशिराबद्दल माफी मागायला लागल्या.

पेंढ्या खाली घेताना त्यांची बोटं मला दिसली. नखांच्या कडेनं चिरा पडलेल्या होत्या. मी विचारलं तर त्यांनी हात पदराखाली घेतला. ड्रायव्हर त्यांच्याच गावचा. तो सांगायला लागला, की या बायांकडं वावर नाही. त्यांच्या घरी ज्वारीचं ताटही नाही. दिवस कापूस वेचणीचे. त्यांनी गावोगावच्या शेतकऱ्यांना सांगितलं, आमची मजुरी पैशात देऊ नका, कडब्यात द्या. कापसाच्या सुकल्या बोंडाला काट्यासारखी टोकं असतात, त्यानं बोटं चिरतात. ट्रकभर कडबा वेचणीतून जमवायला वेळ तर लागणारच.

चेअरमन आण्णा तिथंच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

वाटपावरून थोडी कुरबुर झाली. एका बड्या घरची बैलजोडी रांगेत पुढं होती. मी सांगितलं, आधी गाभण, मग दुभती, मग बाकीची. बैलांचा मालक म्हणाला, सोसायटीचे जुने सभासद आमी, आमचं आधी. चेअरमनकडं सगळ्यांनी पाहिलं. सुशीलाबाई शांतपणे म्हणाल्या, "दादा, हा कडबा ज्यायनं दिला त्यायनं सभासद पाहून नाही दिला. डाक्टर म्हनतात तसं होऊ द्या."

चेअरमन म्हणाले, "डॉक्टर म्हणत्यात तसंच."

ती मंडळी दोन दिवस राहिली. कडबा तोडून वाढ्यात मिसळून द्यायचा, हे काम त्यांनी हातात घेतलं. संध्याकाळी गुरं हंबरायला लागली, तेव्हा ती सगळी माळावर ओळीनं बसली आणि त्यांनी वंदना म्हटली. गयाबाई कडेला जाऊन बसली. संपल्यावर तिनं विचारलं, काय मागितलंत. सुशीलाबाई म्हणाल्या, मागत नाही काही, सगळ्या जीवांचं भलं व्हावं असं मनात धरतो. गयाबाई जरा पुढं सरकून बसली.

"मग त्येच्यात आमचा शिवाजी बी येतो का? लांब हाय त्यो."

"लांबचे बी येतात," सुशीलाबाई म्हणाल्या. "नाव घेऊन म्हनू."

मग त्यांनी गयाबाईला विचारून शिवाजीचं, त्याच्या बायकोचं आणि दोन्ही पोरांचं नाव घेतलं. नावं परक्या माणसांच्या तोंडून ऐकताना गयाबाईला रडू आलं. इतके दिवस छावणीत ती नावं कुणी उच्चारलीच नव्हती.

मंडळी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी चेअरमनांची बैलगाडी छावणीवर आली. त्यांच्या मळ्यातल्या झाकलेल्या गंजीचा कडबा होता. त्यांनी भाषण केलं नाही. गाडी रिकामी करून परत पाठवली आणि ती पुन्हा भरून आली. मग बैलजोडीवाला आला, मग आसपासच्या वस्त्यांवरून कुणी डोक्यावर चार पेंढ्या घेऊन, कुणी सायकलला बांधून. पिंपळगावचा ट्रक काही फार दिवस पुरणारा नव्हता. छावणी तगली ती आमच्याच तालुक्यातल्या कडब्यावर. तो आधीही इथंच होता.

गयाबाईची गाय मोकळी झाली. कालवड झाली, अशक्त पण चांगली. पहिल्या चिकाचा खरवस गयाबाईनं चुलीवर केला आणि झाकून ठेवला. मी विचारलं कुणासाठी. म्हणाली, त्या बाईला पाठवता येईल का? खरवस दोन दिवसांत आंबतो हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी तिनं तो छावणीतल्या पोरांना वाटला.

पावसाळ्यात छावणी मोडली. शिवाजी आला, पण पुढच्या हंगामाला गेला तो तिकडंच कारखान्यावर राहिला. मी बदलीच्या गावाहून त्या बाजूला गेलो की गयाबाईकडं जाई. ती पहिलं विचारी, बाई भेटली का.

पुढं अकोल्याला एका ट्रेनिंगला जायचा योग आला. सुट्टीच्या दिवशी मी पिंपळगावला निघालो. तेव्हा कळलं, त्या भागात पिंपळगावं बरीच आहेत. एका पिंपळगावात उतरलो, तिथं सुशीलाबाई नव्हत्या. दुसऱ्यात गेलो. तिथल्या विहारातल्या लोकांनी चटई टाकली, चहा दिला, सगळी गोष्ट ऐकून घेतली. नाही म्हणाले, आमच्या गावचं नसंल ते, आमच्याकडून ट्रक गेला नव्हता. मी उठलो. चपला घालत असताना एक म्हातारी म्हणाली, "थांबा. आता काई लागते काय तुमच्याकडं?"

मी नाही म्हणालो. बसमध्ये बसल्यावर वाटलं, थोडा वेळ अजून थांबायला हवं होतं.

गयाबाईला मी सांगितलं, की बाई भेटली नाही, पण तिचं गाव सापडल्यासारखं वाटलं. तिला ते पटलं नाही. नोकरीभर नव्या डॉक्टरांना मी दोन गोष्टी सांगत आलो. मदतीला कुणी आलं तर नेमकं काय हवं ते पहिल्याच दिवशी लाज न बाळगता सांगा. आणि ते निघायच्या आत त्यांचं गाव, तालुका, पोस्ट, सगळं विचारून घ्या.