निळसर झाक

बाटल्यांच्या कारखान्यात काकूंनी सत्तावीस वर्षं एकच काम केलं. दिव्यासमोरून सरकणाऱ्या बाटल्या बघायच्या, खोट दिसली की बाटली बाजूला टाकायची. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीचे कपाळाला हात लावून बसले. काकूंनी डोळे तपासून घेतले आणि एका प्रयोगशाळेत काचेचे मणी धुण्याची नोकरी धरली.

मणी मोहरीएवढे. त्यांत नजरेला न दिसणारी भोकं पाडायची, भोकांत औषध मुरवायचं. सडू लागलेल्या हाडात असे मणी ठेवले की औषध तीन आठवडे जरा जरा पाझरत राहणार.

"तिकडे भोक दिसलं की बाटली फेकायचीस," काकूंचे यजमान म्हणाले, "आता भोकांचाच पगार खा."

पण बहुतेक औषध चार दिवसांतच संपायचं. प्रयोगशाळेच्या मॅडमनी काचेचं मिश्रण तीनदा बदललं, तरी पहिले पाढे पंचावन्नच. एका सकाळी वैतागून त्या धुण्याच्या खोलीत आल्या, तर भट्टीतून आलेले मणी दोन वाडग्यांत.

"काकू, हे वेगळे का काढलेत?"

काकू चपापल्या. "सवय हो. हे जरा निळसर आहेत."

"मला तर सगळे सारखेच दिसतायत."

काकूंनी दिवा जवळ ओढला, मण्यांमागे काळा कागद धरला. "आता बघा. दिसली झाक? आमच्याकडे जास्त भाजलेला माल असाच यायचा. तुमच्या भट्टीचा मागचा कोपरा जास्त तापत असणार."

मॅडम खाली स्टुलावरच बसल्या. जास्त भाजलं की भोकं मोठी होतात, हे त्यांना पाठ होतं. भट्टी सगळीकडे सारखीच तापते, असं मात्र त्या धरून चालल्या होत्या.

दोन्ही वाडग्यांतल्या मण्यांत तेच औषध भरून ते दोन वेगळ्या बरण्यांत, पाण्यात ठेवले. काकू रोज कामाआधी त्या बरण्यांपाशी डोकावून जायच्या. आपण उगाच तोंड उघडलं की काय, ही धाकधूक. निळसर मणी तिसऱ्या दिवशीच रिकामे झाले. स्वच्छ मण्यांतून एकोणिसाव्या दिवशीही औषध येत होतं. मॅडमनी मागचा कोपरा रिकामा ठेवून भाजायचा वेळ कमी केला आणि औषध तेवीस दिवस पुरलं.

पहिला पेशंट होता एका न्हाव्याचा कुत्रा. मागच्या पायाचं हाड सडलेलं, पाय कापायचं ठरत आलेलं. त्याच्यासाठी चाळीस मणी काकूंनी स्वतः निवडले, एकेक दिव्यासमोर धरून.

दोन महिन्यांनी काकू यजमानांना घेऊन त्याला बघायला गेल्या. न्हावी पायाबद्दल सांगत होता, तेवढ्यात कुत्र्यानं यजमानांची टोपी पळवली आणि चारही पायांवर गल्लीभर धूम ठोकली. यजमान धापा टाकत त्याच्या मागे.

"अगं, बघत काय बसलीस? अडव त्याला," ते ओरडले.

"पळू द्या हो," काकू म्हणाल्या. "मला त्याची चाल नीट बघू द्या."